निवलेली धुनी

हात लावून बघा. राख गार आहे. एरवी कुणाला हात लावू देत नाहीत, पण आजच्या दिवशी चालतं.

एवढा घाट चढून आलात आणि धुनी अशी, म्हणून तुमचा विरस झाला असेल. दरवर्षी कुणीतरी असं येतंच. दारातच थबकतात, एकमेकांकडे बघतात आणि हळूच विचारतात, ‘विझली का हो?’ इथं विझली म्हणत नाहीत. निवली म्हणतात. पोटभर जेवून उठलेला माणूस निवतो ना, तशी.

बाकी मठांतून धुनी अखंड असते. आमच्या सांबरखिंडीतली मात्र मार्गशीर्ष वद्य पंचमीला सकाळपासून निवू द्यायची, आणि दिवस कलायच्या आत महाराजांनी खापर घेऊन बाहेर पडायचं, विस्तव मागायला. ते आत बसलेत, अजून उठले नाहीत. तोवर सांगतो. मी काही मठातला नव्हे. खाली वाडीत माझी भातखाचरं आहेत. आमच्या आबांनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या चुलत्यानं.

फार जुनी गोष्ट. साल कुणालाच ठाऊक नाही. खेमनाथ नावाचे एक सिद्ध पुरुष फिरत फिरत या खिंडीत आले आणि हा माळ बघून थांबले, असे सांगतात. सामान म्हणजे एक चिमटा, एक घोंगडी आणि खापरात राखेखाली जपून आणलेला विस्तव. तो त्यांच्या गुरूच्या धुनीतला. त्या गुरूला त्याच्या गुरूकडून मिळालेला. मागं मागं जात तो थेट आदिनाथापर्यंत पोचतो म्हणे. त्याच विस्तवावर त्यांनी इथं धुनी चेतवली, भोवती दगडाच्या भिंती रचल्या, वर गवताचं छप्पर घातलं.

लखमनाथ हा त्यांचा एकुलता शिष्य. इथल्याच मुलखातला. देह ठेवायच्या वेळी खेमनाथांनी त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, ‘लखमा, ही आग राखशील?’

लखमनाथानं तापलेल्या दगडावर तळवा टेकवला आणि शब्द दिला, ‘जिवात जीव आहे तोवर हिला विझू देणार नाही. हिचा निखारा मठाच्या उंबऱ्याबाहेर जाऊ देणार नाही.’

गुरूंनी ‘राखशील?’ एवढंच विचारलं होतं. उंबऱ्याचं त्यानं आपल्या मनानं जोडलं. खेमनाथ त्याच्याकडे बघत राहिले, काहीतरी बोलायला म्हणून ओठ हलले, पण प्राण गेला.

पुढं लखमनाथाचं नाव पंचक्रोशीत झालं. माणूसच तसा होता. घाटानं येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या दारी आंबील मिळायची. कुणाचं जनावर अडलं तर हा रात्र रात्र गोठ्यात बसायचा. तापानं फणफणलेल्या पोराच्या उशाशी जाऊन बसायचा, कपाळाला राख लावायचा आणि ताप उतरल्याशिवाय उठायचा नाही. मात्र घ्यायचं कुणाचंच नाही. नाथपंथात भिक्षा मागावी लागते, तीसुद्धा त्यानं सोडली. मठामागं थोडी नाचणी पेरायचा, तीवर भागवायचा. गुरूंचं भिक्षेचं खापर कोपऱ्यात पालथं पडलेलं. कुणी काकडी, वाल, काही घेऊन आलं तर ‘देवापुढं ठेव’ म्हणायचा आणि संध्याकाळी ते दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचा. लोक म्हणायचे, केवढा निःसंग पुरुष! हे त्याच्या कानावर यायचं आणि त्याला बरं वाटायचं. साधू झाला तरी माणसाला कान असतातच की.

तेव्हा काडेपेटी नव्हती. पावसाळ्यात चूल विझली की बायका शेजारणीकडं विस्तव मागायला जायच्या. पण वाडीतली कुणी मठाची पायरी विस्तवासाठी चढली नाही. सगळ्यांना माहीत होतं, लखमनाथ दाणे देईल, अंगावरचं पांघरूण देईल. धुनीचा विस्तव देणार नाही.

एका वर्षी मार्गशीर्षात, दिवस कोरडे असायचे तेव्हा, आभाळ फाटलं. दुपारपासून काळोखी दाटली, मग वारा, मग पाऊस, आणि मग गारा. बोराएवढ्या आधी, मग लिंबाएवढ्या. माळ पांढराफटक झाला. खालचा ओढा असा फुगला की वाडी आणि मठ यांच्यात माणूस जाईना. मठाच्या छपराचा एक कोपरा वाऱ्यानं उचलून नेला. लखमनाथ घोंगडी ताणून धुनीवर आडोसा धरून बसला होता.

तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. भिजलेल्या घोंगडीच्या ओझ्यानं वाकलेली. तिनं नमस्कार केला नाही, आतही आली नाही.

‘बाबा, इस्तू दे.’

इस्तू म्हणजे विस्तव. धनगरांची बोली. लखमनाथानं विचारलं, ‘कोण गं तू, माई?’

‘ठकू. मेंढरं घिऊन कोकणात उतरत हुतो. सून माळावरच बाळंत झाली. पोर रडंना, निळं पडलंय. आमची चकमक भिजली, कापूस भिजला. इस्तू दे.’

‘तिला इकडं आणा. सगळेच या, मठ मोकळा आहे.’

‘उचलली तर वाटंतच जाईल, बाबा. रगात थांबंना.’

लखमनाथ झटकन उठला. अंगावरची दुसरी, कोरडी घोंगडी तिला दिली, तुपाचं गाडगं दिलं, सुंठेचा कुटका दिला. ठकूनं सगळं पदरात घेतलं आणि तशीच उभी राहिली.

‘आन इस्तू?’

‘माई, ही धुनी आहे. हिचा विस्तव बाहेर जात नाही. माझा गुरूला शब्द आहे.’

ठकूनं धुनीकडं बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं. ती रडली नाही, तिनं शाप दिला नाही, पाय धरले नाहीत.

‘बरं बाबा,’ म्हणाली, आणि गारांत निघून गेली.

धनगर आपल्या ओव्यांत ही कथा गातात, तेव्हा या जागी ढोल थांबतो म्हणे.

लखमनाथ धुनीपुढं बसला. बाहेर गारांचा आवाज, आणि कानात तेवढंच, ‘बरं बाबा’. त्याला वाटलं, तिनं भांडायला हवं होतं. भांडली असती तर आपणही भांडलो असतो. आपली बाजू खरी होती. गुरूचा शब्द होता, परंपरा होती. पण ती नुसतं ‘बरं’ म्हणून गेली, जसं काही तिला अशा नकाराची सवयच होती. मग त्याच्या मनात आलं, की मी आजवर जे जे दिलं, त्यातलं काय मला जड गेलं होतं? नाचणी पुन्हा पिकत होती. झोप दुसऱ्या दिवशी मिळत होती. आणि प्रत्येक देण्यामागं माझं नाव मोठं होत होतं. जे दिल्यावर माझ्यापाशी काही उरणार नाही, ते मागायला आज पहिल्यांदा कुणी आलं, आणि मी उंबऱ्याकडं बोट दाखवलं.

तो उठला. कोपऱ्यातलं खापर सुलटं केलं. त्याच्याखाली कोळ्यानं घर केलं होतं. ते झटकून त्यात राख घातली, राखेवर निखारे, वर पुन्हा राख. आणि उंबरा ओलांडला.

माळाच्या टोकाला, करवंदीच्या जाळीआड धनगरांचं पाल होतं, निम्मं कोसळलेलं. मठापासून तिथवर नुसता उघडा माळ. त्या वाटेत लखमनाथाचं डोकं गारांनी फुटलं, रक्त दाढीत उतरलं. पण हातातल्या खापरावर एकही गार पडली नाही, असे सांगतात. मी ते पाहिलेलं नाही. सांगणाऱ्यांनीही पाहिलेलं नाही. पण माझ्या लहानपणापासून कुणी हे सांगताना आवाज चढवलेला मी ऐकला नाही, हळूच सांगतात.

पालात सून अंबू पडली होती, पांढरी. ठकूनं पोर आपल्या उघड्या छातीशी धरलं होतं. ठकूचा मुलगा धुळाबा ओल्या काटक्या फुंकायला बसला. निखारे लाल झाले, सुसू करत काळे पडले, विझले. सगळंच ओलं होतं.

लखमनाथ मागं फिरला. मठात धुनीसाठी रचलेली कोरडी लाकडं होती, ती पाठीवर घेतली, दुसऱ्यांदा निखारे घेतले. वाऱ्यानं तेही टिकू दिले नाहीत. लाकडाला नुसती झळ लागली, जाळ होईना.

तो पुन्हा धावत मठात आला. आता धुनीच्या पोटात ओंजळभर निखारे उरले होते. हे राखेखाली झाकून ठेवले असते तर धुनी राहिली असती. निम्मे नेले असते तर कदाचित तिकडंही भागलं नसतं आणि इकडंही. तो गुडघ्यांवर बसला. ‘लखमा, ही आग राखशील?’ इतकी वर्षं तो हा प्रश्न आठवत होता, आणि दर वेळी त्याला त्यात पहारा ऐकू येत होता. त्या क्षणी त्यात त्याला गुरूंचा नुसता आवाज ऐकू आला, मायेचा. आपण पोरके असताना याच माणसानं आपल्याला या आगीपाशी ओढून घेतलं होतं, ते आठवलं.

त्यानं दोन्ही हातांनी धुनी खरवडली. तळवे भाजले. राखेत शोधून शोधून शेवटची ठिणगीसुद्धा काढून घेतली.

या खेपेला लाकडानं पेट घेतला. आणि तेव्हा, असे सांगतात, एक नवल झालं. मेंढरं वाऱ्याबरोबर पळतात, वादळात ती कुणाची नसतात. धुळाबानं हाकारलंही नव्हतं. पण माळावर विखुरलेली ती मेंढरं एक एक करत आली आणि त्या जाळाभोवती एकमेकांना खेटून उभी राहिली. ढुंगण बाहेर, तोंडं आत. एका कड्यामागं दुसरं कडं, लोकरीची भिंतच. पाठीवर गारा पडत होत्या, अंगातून वाफा निघत होत्या, आणि एकही मेंढरू हललं नाही. आत वारा शिरेना. जाळ सरळ उभा राहिला. लखमनाथानं हात जोडले. कुणाला जोडले, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तान्हं आधी नुसतं शिंकलं. मग रडलं. अंबूनं डोळे उघडून रडण्याच्या दिशेनं मान वळवली.

उजाडताना पाऊस थांबला. लखमनाथ मठात परतला. छप्पर गेलेलं, धुनीत पाणी साचलेलं. त्यानं पाणी उपसलं आणि त्या ओल्या राखेपाशी बसून राहिला. पोर वाचलं याचा आनंद होता, तो खोटा नव्हता. पण गुरूच्या गुरूपासून चालत आलेलं आपल्या हातून संपलं, हेही खरं होतं.

ओढा उतरल्यावर वाडीतले लोक आले. गार धुनी बघून बायकांनी तोंडावर पदर घेतला. गावचा पाटील म्हणाला, ‘महाराज, पिढ्यांची धुनी घालवलीत? वाटेच्या धनगरांसाठी? आता आमच्या गुराढोरांना राख कुठली लावायची?’ कुणी म्हणालं, चकमक झाडा, पुन्हा पेटवा. लखमनाथ म्हणाला, ‘मी पेटवली तर ती माझी होईल. गुरूंची होणार नाही.’ पालातली आग आणावी, हे कुणाच्या मनातही आलं नाही. बाळंतिणीच्या शेकाला लागलेली आग पुन्हा धुनीची होते, असं तेव्हा कुणाला वाटलंच नसतं. त्यालाही नाही.

काही दिवस तो तसाच बसून राहिला. शेवटी चिमटा उचलला, खांद्यावर झोळी टाकली आणि निघाला. दारात ठकू. पोराची पाचवी होती, त्याला बोलवायला आली होती.

‘निघालास व्हय?’

‘धुनी विझली, माई. माझं इथं काय राहिलं?’

ठकूला कळेचना. ‘इझली? कवा? आमच्याकडं हाय की! पाळीपाळीनं जागतोय तिच्यापाशी. पोराला तिच्यावरच शेकतो, भाकरी बी तिच्यावरच. तुजी आग हाय म्हनून इझू दिली न्हाई.’

लखमनाथाच्या हातातला चिमटा खाली आला. ‘मग,’ तो म्हणाला, ‘थोडा विस्तव इकडं आणून दे, माई.’

ठकूनं मान हलवली. ‘मी न्हाई आणायची. तू ये मागायला. मी आल्ते न्हवं?’

हा टोमणा होता का? आबा म्हणायचे, नव्हता. तिच्या लेखी ती साधी रीत होती. ज्याला पाहिजे त्यानं जायचं, मागायचं, समोरच्यानं द्यायचं. पण लखमनाथाला ती वाट गारांतल्या वाटेपेक्षा लांब झाली. त्या दिवशी तो देणारा म्हणून धावला होता. आज हातात रिकामं खापर होतं.

वाडीतले लोक मागोमाग चालू लागले. पालाच्या अलीकडं पाटलानं त्याला अडवलं. ‘महाराज, तिथं सोयर आहे. बाळंतिणीचे दहा दिवस व्हायचेत. सोयराचा विस्तव धुनीत घालणार?’

लखमनाथ थांबला. ‘पाटील,’ तो म्हणाला, ‘मी उंबऱ्याच्या आतच बसलो असतो, तर आज तिथं सोयर नसतं. सुतक असतं.’

पाटील बाजूला झाला.

पालापुढं उभं राहून लखमनाथानं ‘अलख’ म्हणून हाक दिली. भिक्षेची हाक. कित्येक वर्षांत दिली नव्हती, आवाज फुटेना. पुन्हा दिली. मग खापर पुढं केलं आणि ठकूच्याच बोलीत म्हणाला, ‘माई, इस्तू वाढ.’

अंबू उठली. अजून तिला धड उभं राहता येत नव्हतं. एका खांद्यावर पोर, दुसऱ्या हातात दोन काटक्या. तिनं चुलीतला चांगला फुललेला निखारा निवडला, खापरात ठेवला. त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि आणखी एक ठेवला.

‘एवढा पुरंल?’ तिनं विचारलं.

आजवर लखमनाथानं इतकं दिलं, पण पुरेल का, असं कुणाला कधी विचारलं नव्हतं. त्यानं खापर खाली ठेवलं आणि माळावर डोकं टेकलं, त्या सोयरातल्या बाईपुढं, अख्ख्या वाडीदेखत.

मठात येऊन त्यानं ते निखारे गार राखेवर ठेवले. लाकूड घातलं नव्हतं, फुंकर घातली नव्हती. राखेतून जाळ उठला, असे सांगतात. पुरुषभर उंच, सरळ, धूर नसलेला. खाली वाडीत गोठ्यातल्या जनावरांनी एकदम माना वर केल्या. माळावर मेंढरं उठून उभी राहिली. कुणी ‘अलख’ म्हटलं नाही, कुणी हात जोडले नाहीत. तो जाळ हळूहळू बसत, रोजच्या धुनीएवढा होईपर्यंत सगळे जागच्या जागी उभे राहिले म्हणे.

दुसऱ्या दिवशी लखमनाथानं पहार घेतली आणि मठाचा उंबरा उखडला. तुम्ही आत आलात तेव्हा तुमच्या ध्यानात आलं नसेल. दाराला आजही उंबरा नाही. कुणाच्याही घरची चूल विझो, इथून विस्तव न्यायचा. आणि वर्षातून एकदा धुनी निवू द्यायची, महाराजांनी खापर घेऊन बाळंतिणीच्या दारी जायचं. सोयरातल्याच. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही.

आता घरोघरी गॅस आलाय, बाळंतपणं दवाखान्यात होतात. कधी कधी शोधत फिरावं लागतं. गेल्या वर्षी वाडीत कुणी बाळंतीण नव्हती. घाटाच्या रस्त्यावर खडी फोडायला लांबच्या मुलखातली माणसं आली होती, त्यांच्या झोपडीत एक पोर बाळंत झालेली. तिला आमची भाषा येईना. महाराज खापर घेऊन उभे राहिले, तिला वाटलं म्हातारा उपाशी आहे. तिनं अर्धी भाकरी घातली. महाराजांनी तिथंच बसून खाल्ली आणि पुन्हा खापर पुढं केलं, चुलीकडं बोट दाखवलं. तिला हसू आलं. तीन दगडांच्या चुलीतून तिनं विस्तव काढून दिला. महाराजांचे हात थरथरतात, वय झालंय. ते बघून तिनं खापर त्यांच्याकडून काढून घेतलं आणि बाळ खांद्यावर टाकून ती आपणच मठात आली. सोयरातली बाई थेट धुनीपर्यंत. कुणी अडवलं नाही. तिनंच आपल्या हातानं विस्तव राखेवर ठेवला, इकडं तिकडं बघितलं आणि निघून गेली.

रस्ता झाला, ती माणसं गेली. कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही. नावसुद्धा विचारायचं राहिलं. वर्षभर लांबून लांबून लोक आले, इथं माथा टेकून, राख कपाळाला लावून गेले.

आज सकाळपर्यंत इथं जळत होता, तो तिचा विस्तव.